बेस ऐकल्याशिवाय मत देऊ नये

'नो डाउट' या कॅलिफोर्नियातल्या बँडचा 'ट्रॅजिक किंगडम' हा अल्बम १० ऑक्टोबर १९९५ रोजी आला. त्याला तीन दशकं होऊन गेली, तरी ऐकणाऱ्यांचं त्याच्याबद्दल एकमत होत नाही. कुणी म्हणतं, नाचायला लावणारा इतका मोकळा अल्बम त्या काळात दुसरा नव्हता. कुणी म्हणतं, दोन-तीन गाणी सोडली तर नुसती खिचडी. कुणाला ग्वेन स्टेफनीचा आवाज कानात टोचतो, तर कुणी तो आवाज सोडून बाकी काही ऐकलेलंच नसतं. आणि त्यातलं 'डोन्ट स्पीक' हे संथ, दुःखी गाणं ऐकून अल्बम घेतलेल्यांची एक मोठी जमात आहे. पहिलं गाणं सुरू होताच ट्रम्पेट वाजलं आणि ती माणसं गोंधळली, ती आजतागायत गोंधळलेलीच आहेत.

या सगळ्या मतांत एक गोष्ट सारखी राहून जाते. बोलणारा आवाजाबद्दल बोलतो, शब्दांबद्दल बोलतो, बाईनं गायलंय याबद्दल बोलतो. बेस गिटार आणि ड्रमबद्दल मात्र चकार शब्द नसतो. या अल्बमचा सगळा आनंद त्या दोन वाद्यांमध्ये राहतो. ती वगळून दिलेलं मत म्हणजे ढोलकी न ऐकता लावणीबद्दल दिलेलं मत.

आधी एक लेबल बाजूला ठेवू. 'बाईचा आवाज असलेलं रॉक' असा प्रकार संगीतात नाही. त्याच १९९५ साली 'इलॅस्टिका'चा पहिला अल्बम आला, ॲलॅनिस मॉरिसेटचा 'जॅग्ड लिटल पिल' आला, 'गार्बेज'चाही पहिला अल्बम आला. चारही ठिकाणी पुढे बाई उभी आहे आणि चौघींच्या मागे वाजणारं संगीत एकमेकांचं चुलत भावंडसुद्धा लागत नाही. इलॅस्टिका कोरडं, तुटक, दोन-तीन मिनिटांत आटोपणारं. गार्बेज स्टुडिओत थरावर थर चढवून घडवलेलं. मॉरिसेटचा राग समोरच्याच्या अंगावर धावून येणारा. नो डाउटचं मूळ या तिन्हींहून वेगळ्या ठिकाणी आहे, जमैकात. तरी चौघींना एकाच फडताळात कोंबून 'हिच्यापेक्षा ती बरी' अशी तुलना सर्रास चालते. पुरुष गायकांच्या बँडबद्दल अशी फडताळं कुणी करत नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

जमैकातला तो ठेका म्हणजे स्का. १९५० च्या दशकाच्या शेवटी तो तिथे घडला. १९७९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्रीच्या 'द स्पेशल्स'नं आणि लंडनच्या 'मॅडनेस'नं त्याला पंकचा, म्हणजे धसमुसळ्या रॉकचा, वेग दिला. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमच्या एरिक स्टेफनीच्या कानावर मॅडनेस पडलं, त्यानं ते धाकट्या बहिणीला, ग्वेनला, ऐकवलं, आणि १९८६ मध्ये नो डाउट सुरू झालं. हा वंश माहीत असला की 'डोन्ट स्पीक'च्या लोकांचा गोंधळ अर्धा मिटतो. ट्रम्पेट मागाहून चिकटवलेलं नाही. ते मुळातलं आहे, आणि 'डोन्ट स्पीक' हाच त्या घरातला पाहुणा आहे.

स्काचा ठेका हातावर मोजून बघता येतो. केरव्यासारख्या ८ मात्रा मोजा. पायाचा ठोका १, ३, ५ आणि ७ वर पडू द्या. आता गिटार कुठे वाजते ते शोधा. ती पायाबरोबर पडत नाही. ती २, ४, ६ आणि ८ वर, म्हणजे पाय वर उचललेला असताना, चक् चक् चक् चक् अशी छोटी तुटक वाजते. तार छेडली की वादक लगेच डाव्या हाताची बोटं सैल करतो, त्यामुळे सूर लांबत नाही, जागच्या जागी तुटतो. पाय खाली आणि गिटार वर, एवढ्यावर अंग आपोआप उसळतं. गाणं दुःखाचं असो की चिडीचं, हा ठेका सुरू असताना बसून राहणं अवघड जातं. लय संथ केली आणि ती चक् फक्त ३ आणि ७ वर ठेवली की तोच मामला रेगेकडे, म्हणजे जमैकातल्याच दुसऱ्या, संथ ठेक्याकडे झुकतो. या अल्बममध्ये दोन्ही आहेत, आणि एकाच गाण्यात एकातून दुसऱ्यात ये-जा आहे.

'संडे मॉर्निंग' हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. अंतऱ्यात गिटार उलट्या मात्रेवर तुटक वाजते, मध्ये भरपूर हवा असते, आणि त्या मोकळ्या जागेत टोनी कनालचा बेस फिरतो. तो एका सुरावर ठाण मांडून बसत नाही. वर जातो, खाली येतो, एखादी मात्रा सोडून देतो, पुन्हा पकडतो. बेस गुणगुणला तर तेच एक वेगळं गाणं होईल. मग मुखडा येतो आणि गिटार अचानक आठही मात्रा भरून काढते, आवाज खरखरीत होतो, बेस सरळ चालू लागतो. इथे छाती भरून येते ती शब्दांमुळे येत नाही. आतापर्यंत रिकामी ठेवलेली जागा एकदम भरली, त्याचा तो परिणाम आहे. 'स्पायडरवेब्स'मध्येही युक्ती हीच, फक्त वेग जास्त. ज्यांना ही गाणी 'गोड आणि उथळ' वाटतात त्यांनी अंतरा संपून मुखडा सुरू होतो त्या चार-पाच सेकंदांची जागा पाच वेळा मागे घेऊन ऐकावी. एकदा फक्त गिटारकडे लक्ष देऊन, एकदा फक्त बेसकडे, एकदा फक्त स्नेअरकडे, म्हणजे ड्रमच्या संचातल्या त्या छोट्या, चपट्या ड्रमकडे. ड्रम वाजवणाऱ्या एड्रियन यंगनं स्नेअरचं कातडं चांगलंच ताणून घेतलं आहे, त्याचा टणक, उंच 'टक' आवाज गर्दीतूनही वेगळा निघतो.

आता ऐकण्याच्या साधनांविषयी. कंटाळवाणं वाटेल, पण निम्मी मतं इथेच बिघडतात. बेस गिटारच्या चार तारांपैकी सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर सुमारे ४१ हर्ट्झचा सूर निघतो, सगळ्यात बारीक तार मोकळी वाजवली तर ९८ च्या आसपास. फोनच्या छोट्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडतच नाही. म्हणजे बेसचा मूळ सूर गायब, उरतात त्याचे वरचे पडसाद. अशा स्पीकरवर हा अल्बम ऐकला तर शिल्लक राहते ती गिटारची धार, झांजांचा किणकिणाट आणि ग्वेनचा आवाज. मग 'किंचाळते फार' असं मत पडतं. ते त्या स्पीकरबद्दलचं मत आहे. खाली बेसचं भरघोस अंथरूण असताना तोच आवाज टोचत नाही, त्यावर तरंगतो.

इअरफोन घेतले तरी रबरी टोपी कानात घट्ट बसलीय ना ते बघावं. ती सैल असली की पहिला बेसच गळतो. तपासायची रीत सोपी आहे. गाणं चालू ठेवून टोपी बोटानं हलकेच आत दाबा. बेस एकदम वाढला तर टोपीचं माप चुकलं आहे, डब्यातली मोठी टोपी लावा. एक इअरफोन आपल्या कानात आणि दुसरा मित्राच्या, ही पद्धत प्रेमाची असली तरी मत बनवायला बाद, कारण एका बाजूला ठेवलेली वाद्यं दोघांपैकी एकाला ऐकूच येत नाहीत. ॲपमधला 'बेस बूस्ट'ही बंद ठेवावा. त्यानं बेस वाढतो, पण बरबटतो, आणि टोनीची सुटी सुटी बोटं ऐकू येण्याऐवजी नुसता घुम्म आवाज राहतो. आवाज किती ठेवावा? खोलीतल्या माणसाशी थोडा आवाज चढवून बोलावं लागेल इतका. त्याहून मोठा केला तर तासाभरात कान थकतात आणि शेवटची चार गाणी विनाकारण वाईट ठरतात.

दुसरी चूक क्रम मोडण्याची. अल्बममध्ये १४ गाणी आहेत, लांबी जवळजवळ तासाची. 'डोन्ट स्पीक' दहाव्या जागी येतं. त्याच्या आधी 'संडे मॉर्निंग', नंतर १९७० च्या दशकातल्या डिस्कोचा थाट असलेलं 'यू कॅन डू इट'. उसळत्या ठेक्याची अर्ध्या-पाऊण तासाची धावपळ झाल्यावर एकदम सगळं थांबतं, हलकी गिटार ऐकू येते, आणि माणूस सावरून बसतो. मध्ये टॉम ड्युमाँट नायलॉनच्या तारांच्या गिटारवर स्पॅनिश वळणाची फिरत घेतो. ती त्या जागी पाण्याच्या घोटासारखी लागते. शफलवर लावलं आणि हेच गाणं पहिलं आलं तर त्याच्या पुढचं सगळं बाष्कळ वाटू लागतं. शिवाय काही ॲपवर शफल केलं की प्रत्येक गाण्याचा आवाज सुटा सुटा मोजून एकाच पातळीवर आणला जातो, मग हळू गाणं आणि दणदणीत गाणं एकाच उंचीवर येतात. क्रमानं ऐकलं तर त्यांच्यातला चढउतार टिकतो. म्हणून पहिल्या दोन बैठकी क्रमानंच, एक गाणं दुसऱ्यात मिसळवणारी 'क्रॉसफेड'ची सोय बंद करून.

शब्दांचं काय, हा प्रश्न येणारच. इथे हा अल्बम फार खोल आहे, आणि त्याचं श्रेय त्याला पुरेसं मिळत नाही असं ठामपणे म्हणावंसं वाटतं. पहिल्या अल्बमपर्यंत गाणी मुख्यतः एरिक लिहायचा. १९९२ मध्ये आलेल्या त्या अल्बमच्या सुमारे ३०,००० प्रती खपल्या. सगळीकडे ग्रंज, म्हणजे जड, खरखरीत गिटारचं उदास रॉक, वाजत असताना ट्रम्पेटवाल्यांना कोण विचारतो? पुढे 'ट्रॅजिक किंगडम'चं काम सुरू असतानाच एरिक बँड सोडून 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेच्या ॲनिमेशनकडे गेला आणि शब्दांची जबाबदारी ग्वेनवर आली. त्याच काळात टोनी कनालनं तिच्याशी असलेलं सात वर्षांचं नातं संपवलं. टोनी म्हणजे बेस वाजवणारा. बँड दोघांनीही सोडला नाही.

आता 'हॅपी नाऊ?', 'संडे मॉर्निंग', 'डोन्ट स्पीक', 'एन्ड इट ऑन धिस' ही गाणी पुन्हा लावा. गाणारी ज्याच्याशी बोलते आहे तो तिच्या बाजूला उभा राहून वाजवतो आहे. 'संडे मॉर्निंग'च्या रचनेत तर त्याचं स्वतःचंही नाव आहे. ती म्हणते आहे की आता मी सावरले, तू मला मोडू शकत नाहीस, आणि तिचा पाय जमिनीवर ठेवणारा सूर त्याच्याच बोटातून येतो आहे. म्हणूनच तो बेस ऐकायचा. या अल्बमला 'आनंदी' म्हणणारे चुकत नाहीत आणि 'दुःखी' म्हणणारेही चुकत नाहीत. आनंद कुठल्या वाद्यात आहे आणि दुःख कुठल्या ओळीत, हे दाखवलं की वाद राहत नाही.

'डोन्ट स्पीक' मुळात एरिकनं लिहिलेलं वेगळ्या तऱ्हेचं प्रेमगीत होतं. ते बऱ्याच वेळा बदललं गेलं आणि शेवटी ताटातुटीचं झालं. 'जस्ट अ गर्ल'चा उगम आणखी साधा. टोनीच्या घरून रात्री उशिरा एकटी गाडी चालवत येते म्हणून वडील रागावत, त्यातून ते आलं. ज्यांना हे गाणं फक्त घोषणा वाटतं त्यांनी सुरुवातीची गिटार ऐकावी. एकच छोटा तुकडा, पुन्हा पुन्हा, खिडकीच्या गजावर नखानं वाजवल्यासारखा. त्याच्यावर ग्वेन आधी लाडात, बारीक आवाजात गाते, जशी मुलीनं बोलावं अशी घरादाराची अपेक्षा असते तशी. आणि मुखड्यात तोच आवाज दात ओठ खातो. बारीक आवाज ही तिची कमजोरी आहे असं म्हणणाऱ्यांनी हा बदल निसटू दिलेला असतो. तो आवाज तिनं मुद्दाम पांघरलेला आहे, फेकून देण्यासाठी.

तक्रारी सगळ्याच चुकीच्या आहेत असं मुळीच नाही. अल्बम लांब आहे. 'द क्लाइंब' साडेसहा मिनिटांच्या पुढे जातं आणि मधल्या भागात रेंगाळतं. 'सिक्स्टीन'चा जोर चांगला आहे, पण त्याच जोराची गाणी आधी तीन-चार होऊन गेलेली असतात. चौदातली दोन गाणी काढली असती तर बाकीच्या बाराचं वजन वाढलं असतं. ध्वनिमुद्रण १९९३ ते १९९५ असं अडीच वर्षं, तब्बल ११ स्टुडिओंत तुकड्या-तुकड्यानं झालं आणि ते जाणवतं. एका गाण्यातला ड्रम मोठ्या खोलीतला, पुढच्यातला कोरडा. निर्माता मॅथ्यू वाइल्डर हा पॉपमधला माणूस, १९८३ च्या 'ब्रेक माय स्ट्राइड'चा गायक. गाणी चकचकीत झाली ती त्याच्यामुळे, आणि स्काच्या जुन्या भक्तांचा राग त्या चकाकीवर आहे. त्यांनी १९९५ मध्येच बँडनं स्वतः काढलेला 'द बीकन स्ट्रीट कलेक्शन' ऐकावा. तो जास्त खडबडीत आहे, आणि मैफलीचा घाम त्याला जास्त लागलेला आहे. पण 'संडे मॉर्निंग'सारखं गाणं उभं राहायला वाइल्डरची शिस्त लागली, हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवं.

'खिचडी'च्या आक्षेपाला मात्र उत्तर आहे. स्का, पंक, रेगे, डिस्को, 'एक्सक्यूज मी मिस्टर'च्या मध्येच घुसणारा सर्कशीच्या बँडसारखा पितळी वाद्यांचा गलका, या सगळ्यांना एकत्र बांधणारा दोर शोधायचा असेल तर पुन्हा खालीच वाकावं लागतं. ठेका बदलला तरी बेस आणि ड्रमची जोडी एकमेकांना सोडत नाही. गाणं नवं सुरू झालं की आधी दहा सेकंद डोळे मिटून त्या दोघांनाच शोधा, मग खिचडीतला तांदूळ सापडतो.

भारतीय ऐकणाऱ्यांचं एक खास मत असतं, ग्वेनच्या कपाळावरच्या टिकलीबद्दल. टोनीचा जन्म लंडनचा, पण त्याचे आई-वडील भारतीय. ग्वेननं ती लावायला सुरुवात केली ती टोनीच्या आईमुळे. पुढे त्या टिकलीची फॅशन झाली, वाद झाले, ते होणारच होते. पण ती आली एका घराच्या उंबरठ्यातून, एवढं माहीत असू द्यावं.

लिहायला बसायचं असेल तर एक साधी पद्धत उपयोगी पडते. वहीत १४ ओळी आखा, गाण्यांची नावं लिहा. पहिल्या बैठकीत फक्त एकच नोंद: पाय कुठे हलला आणि कुठे थांबला. शब्द बघायचे नाहीत. दुसऱ्या बैठकीत फक्त खालची वाद्यं. त्यानंतर दोन-तीन दिवस जाऊ द्या, मध्ये दुसरं काही ऐका. तिसऱ्या बैठकीत शब्द समोर ठेवा आणि ज्या ओळीत ठेका व अर्थ उलट दिशेला जातात तिथे खूण करा. गुण वगैरे द्यायचे असतील तर यानंतर. पहिल्याच ऐकण्यात दिलेले गुण बहुतेक वेळा आधीपासून ओळखीच्या असलेल्या गाण्यांना मिळतात, आणि 'वर्ल्ड गो राउंड'सारखं रेगेच्या चालीचं शांत गाणं बिचारं तळाला जातं.

मोठ्या यशानंही या अल्बमबद्दलची मतं वाकवली. अमेरिकेच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर पोचला तो बाहेर आल्यावर वर्ष उलटून, डिसेंबर १९९६ मध्ये, आणि एकूण नऊ आठवडे तिथे होता. १९९९ मध्ये त्याला अमेरिकेत एक कोटी प्रतींचं मानांकन मिळालं. तोवर मासिकांच्या मुखपृष्ठांवर एकटी ग्वेन झळकत होती आणि बाकीचे तिघे नाराज होते. 'डोन्ट स्पीक'च्या सोफी म्युलरनं केलेल्या व्हिडिओत त्यांनी हेच भांडण कॅमेऱ्यासमोर मांडलं. व्हिडिओची सुरुवात टोनी झाडावरून एक सडकं संत्रं तोडतो तिथे होते.

संत्रं अल्बमच्या मुखपृष्ठावरही आहे. ॲनाहाइम हे ऑरेंज काउंटीतलं गाव. १९५५ मध्ये डिस्नेलँड उभं राहिलं ते तिथल्या संत्र्यांच्या बागा काढून, आणि अल्बमचं नाव हे डिस्नेलँडच्या 'मॅजिक किंगडम' या लाडक्या नावाचंच उलटं केलेलं रूप. चित्रात लाल कपड्यांतली ग्वेन पुढे, हातात संत्रं घेऊन. मागे बागेत बाकीचे छोटे छोटे उभे. बँड सोडून गेलेला एरिकही त्यांच्यात आहे, कॅमेऱ्याकडे न बघता. बहुतेक जण पुढची बाई बघून पान उलटतात. चित्र हातात आलं तर आधी मागची माणसं मोजा, मग टोनी कुठे आहे ते शोधा, आणि नववं गाणं लावा.